ओव्हन अडून बसतो तेव्हा

नातीचा वाढदिवस होता. सूनबाई ऑफिसातून यायच्या आत केक तयार ठेवावा, म्हणून मी मिश्रण भांड्यात ओतले, ओव्हन गरम करायला लावला आणि शेजारच्या गॅसवर वरणभाताचा कुकर चढवला. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या न झाल्या तोच ओव्हन ‘टीं टीं’ करून ओरडायला लागला. घड्याळाच्या जागी दोन इंग्रजी अक्षरे लुकलुकत होती. एक बटण दाबले, दुसरे दाबले, काही उपयोग नाही. ओव्हन जो अडून बसला तो बसलाच!

केकमधला सोडा काही आपल्यासाठी थांबत नाही. कुकर उतरवून धुतला, तळाशी वाटीभर मीठ पसरले, शिट्टी आणि रबर काढून ठेवले आणि त्यातच केक भाजला. नातीने तो आवडीने खाल्ला. पण माझ्या मनातून ती दोन अक्षरे काही जाईनात.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. ओव्हनकडे दोन मिनिटे बघून त्याने यजमानांना सांगून टाकले, “साहेब, बोर्ड गेलाय. साडेचार हजार होतील. नाहीतर नवाच घ्या.” रोज ओव्हन वापरते मी, पण त्याने मला एक प्रश्न विचारला नाही. यजमान पाकिटाकडे हात नेणार एवढ्यात मी म्हटलं, “अहो, दोन दिवस थांबू या. बघते मी.”

काय बघणार, ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हते. पण मैत्रिणींनो, ते दोन दिवस थांबले म्हणून आज हा लेख लिहिते आहे.

भट्टीपासून काचेच्या अक्षरांपर्यंत

आपल्या आयांच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. आमच्या लहानपणी नगरला, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरला, मे महिन्याच्या सुट्टीत नानकटाईचे पीठ घरी मळायचे आणि डबा घेऊन बेकरीत जायचे. भट्टीवाला भट्टीच्या तोंडाशी हात धरून सांगायचा, “अजून थोडं थांबा ताई, ताव उतरू द्या.” त्याचा हात हाच थर्मामीटर! पुढे घरोघरी अॅल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला. त्याची कॉइल लाल झाली तर चालू, नाही तर बंद. तिसरी गोष्ट त्याला माहीतच नव्हती.

आज टेबलावरच्या साध्या ओटीजीचीही तीच रीत आहे. गोल खुंट्या फिरवायच्या, आत तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट असतो, पण तो काही बोलत नाही. मायक्रोवेव्ह, कन्व्हेक्शन आणि भिंतीत बसवलेले ओव्हन मात्र बोलके. त्यांच्यात इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. आतली उष्णता, दार, बटणे यांच्यावर तो सारखी नजर ठेवतो, आणि काही वावगे दिसले की भाजणे थांबवून काचेवर एखादे अक्षर आणि आकडा दाखवतो. त्यालाच एरर कोड म्हणतात.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. कोड म्हणजे आजाराचे नाव नव्हे, कुठे दुखते आहे एवढेच तो सांगतो. बाळ पोटावर हात ठेवून रडले की पोटात दुखते आहे एवढे आपल्याला कळते. का दुखते ते आईने आठवून बघायचे असते. काय खाल्ले होते? कधीपासून रडते आहे? ओव्हनचेही अगदी तसेच आहे. आणि ‘का’ शोधायला लागणारी माहिती मेकॅनिकपेक्षा घरातल्या बाईजवळ जास्त असते, कारण तो रोज तिच्या हाताखाली असतो.

आधी पाहा, हा कोड आहे तरी का?

काचेवर दिसणारी सगळीच अक्षरे बिघाडाची नसतात. इंग्रजी ‘एल’ किंवा ‘लॉक’ दिसले तर बहुधा लहान मुलांसाठी असलेले कुलूप लागलेले असते. पुसताना एखादे बटण जास्त वेळ दाबले जाते आणि ते आपोआप लागते. पुस्तिकेत सांगितलेले बटण काही सेकंद दाबून धरले की सुटते.

घड्याळ नुसतेच लुकलुकत असेल तर वीज जाऊन आलेली असते. भिंतीत बसवायचे कित्येक ओव्हन घड्याळ पुन्हा लावल्याशिवाय सुरूच होत नाहीत. व्हर्लपूलच्या काही ओव्हनवर तेव्हा ‘पीएफ’ येते, त्याचा अर्थ फक्त वीज गेली होती.

बटणे चालतात, आकडे उलटे मोजले जातात, पण पदार्थ थंडच? मग ओव्हन ‘डेमो’वर तर नाही ना, ते पुस्तिकेत पाहा. दुकानात गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी ही सोय केलेली असते.

आणि केक करपला म्हणून ओव्हनला दोष देण्याआधी पाककृतीही तपासा, बरं का! अमेरिकेतल्या लेकीने पाठवलेल्या कृतीत ३५० अंश लिहिलेले असते, पण ते फॅरनहाइट. आपल्याकडे सेल्सिअसमध्ये ते १७५ ते १८० होतात.

एकच दुखणे, चार नावे

खरा कोड असेल तर पहिले काम, ओव्हनबरोबर आलेली पुस्तिका काढणे. शेजारणीच्या ओव्हनवरून अर्थ लावू नका. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी असते. एक उदाहरण देते. बटण दाबलेलेच राहिले आहे, ही एकच तक्रार घ्या. सॅमसंगच्या जुन्या मायक्रोवेव्हवर ती ‘एसई’ अशी दिसते (पुष्कळजणी घाईत ‘५ई’ वाचतात), त्याच कंपनीच्या नव्या काही ओव्हनवर ‘सी-डी०’ अशी, बॉशच्या काही ओव्हनवर ‘ई०११’, तर अमेरिकेतल्या जीई कंपनीच्या जुन्या ओव्हनवर ‘एफ-७’ अशी. दुखणे एक आणि नावे चार!

नावे किती का असेनात, घरातल्या ओव्हनची नेहमीची दुखणी मात्र थोडीच आहेत. ती कळली की निम्मी भीती जाते.

पहिले दुखणे बटणांचे. सपाट बटणपट्टीखाली पातळ थर असतात. त्यांत वाफ, तेलकट ओल किंवा साबणाचे पाणी शिरले की बोर्डाला वाटते कुणीतरी बटण दाबूनच धरले आहे. उपाय साधा आहे. ओव्हनची पिन काढा, पट्टी मऊ कोरड्या फडक्याने पुसा, पंख्याच्या वाऱ्यावर काही तास वाळू द्या. पट्टीवर थेट फवारा कधीच मारू नका. आधी फडके ओले करून घट्ट पिळा आणि मगच पुसा.

दुसरे दुखणे उष्णता मोजणाऱ्या सेन्सरचे. आतल्या भिंतीला एक बारीक कांडी किंवा टोपण असते. उष्णता बदलली की वीज वाहायला होणारा तिचा अडथळा बदलतो, आणि त्यावरून बोर्ड तापमान ओळखतो. तिची तार तुटली किंवा एकमेकींना चिकटली तर बोर्ड आंधळा होतो. आंधळ्याने विस्तव सांभाळू नये, म्हणून तो कॉइल बंद करून कोड दाखवतो. जीईच्या जुन्या ओव्हनवर हे ‘एफ-३’ किंवा ‘एफ-४’ असते, सॅमसंगवर ‘सी-२०’. हे काम मेकॅनिकचे. मात्र कांडीवर चिकटलेला मसाला, चीज, तूप थंड ओव्हनमध्ये हलक्या हाताने पुसणे आपले.

तिसरे दुखणे जास्त तापण्याचे. सॅमसंगच्या ओव्हनवर ‘सी-२१’ दिसले तर आतली उष्णता ठरल्यापेक्षा वाढली असे समजावे. बंद करून थंड होऊ द्या आणि मग आजूबाजूला बघा. ओव्हनवर आपण हौसेने विणलेला क्रोशाचा रुमाल घातलाय का? वर लोणच्याच्या बरण्या ठेवल्यात का? मागची जाळी भिंतीला टेकली आहे का? आपल्या नगरचा उन्हाळा, त्यात स्वयंपाकघर पश्चिमेचे! ओव्हनला श्वास घ्यायला जागा हवी. मागे निदान चार बोटे, वर वीतभर जागा मोकळी ठेवा. नेमके माप पुस्तिकेत असते. रुमाल सुंदर असला तरी तो टीव्हीच्या टेबलावर जाऊ द्या.

चौथे दुखणे दाराचे. दार नीट लागल्याची खूण बोर्डाला पटल्याशिवाय मायक्रोवेव्ह सुरू होत नाही. दाराच्या आकड्यांशी ब्रेडचा चुरा, तेलाचा थर, कधी फडक्याचे टोक अडकलेले असते. स्वच्छ करून पाहा. पण दार वाकले असेल, काच तडकली असेल किंवा बिजागरी ढिली झाली असेल, तर दुरुस्तीपर्यंत तो ओव्हन वापरूच नका. अमेरिकेत मुलाबाळांकडे गेलात तर आणखी एक लक्षात ठेवा. तिथल्या काही ओव्हनमध्ये आपोआप साफ होण्याची सोय असते. तेव्हा आतली उष्णता साधारण ४८० अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि दार कुलूपबंद होते. थंड होईपर्यंत ते ओढू नका. दार उघडत नाही म्हणजे काही बिघडले असे नाही.

पाचवे दुखणे ओव्हनचे नाहीच, विजेचे आहे. आपल्याकडे घरात २३० व्होल्टची वीज यायला हवी. उन्हाळ्यात संध्याकाळी कूलर, पाण्याच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की काही भागांत ती खाली जाते. समजा १८० व्होल्ट झाली. तुम्हाला वाटेल, थोडी तर कमी झाली! पण कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होते. २,००० वॉटची कॉइल तेव्हा जेमतेम १,२२५ वॉटचे काम करते. मग केक फुगत नाही, नानकटाई पांढरी राहते, आणि बोर्डही गोंधळतो. श्रीरामपूर-राहुरीकडच्या मैत्रिणींना मुळा-प्रवरा वीज संस्था आठवत असेल. २०११ पासून तिकडेही महावितरणच वीज देते. कमी दाबाची तक्रार १९१२ या क्रमांकावर नोंदवा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा.

ओव्हनला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉवर प्लग हवा. एक्स्टेन्शन बोर्डवर मिक्सर, इस्त्री आणि ओव्हन ही तिन्ही भावंडे एकत्र नकोत. तिसरी, जाड पिन ही अर्थिंगची. ती कापून दोन पिनांवर काम भागवू नका. आपल्या जिल्ह्याची जमीन उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी होते, आणि कोरड्या मातीत अर्थिंग कमजोर पडते. म्हणून जुन्या वाड्यांत अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून वरून पाणी ओतत असत. ओव्हनच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर ओव्हन बंद करून आधी अर्थिंग तपासून घ्या.

आणि हो, झुरळे! रात्री ओव्हनची ऊब त्यांना फार आवडते. ती जाळीतून आत शिरतात आणि बोर्डावर बस्तान मांडतात. ओव्हनमागचा ओटा रोज पुसणे हाही एक उपायच समजा.

पाच मिनिटांचा उपाय, आणि त्याची मर्यादा

कोड आला की आधी तो जसा दिसतो तसा लिहून घ्या, मोबाइलवर फोटो काढलात तर आणखी बरे. मग पदार्थ बाहेर काढून ओव्हन बंद करा, भिंतीवरचे बटण बंद करून पिन काढा, पाच मिनिटे थांबा. पुन्हा लावून पाहा. विजेच्या झटक्याने बोर्ड नुसताच गोंधळला असेल तर तो ताळ्यावर येतो.

परत तोच कोड आला तर आणखी एकदा करून पाहा. तिसऱ्यांदा नको. जळका वास, धूर, आत ठिणग्या किंवा दरवेळी पडणारा एमसीबी यांपैकी काहीही असेल, तर एकदाही नको. पिन काढा आणि मेकॅनिकला बोलवा.

मायक्रोवेव्हचे मागचे झाकण मात्र घरातल्या कुणीही उघडायचे नाही. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पुढे सरसावणाऱ्या चिरंजीवांनाही हे सांगा. त्याचे हृदय म्हणजे मॅग्नेट्रॉन नावाची नळी. रडारमधून ती स्वयंपाकघरात आली आणि तिला हजारो व्होल्टचा दाब लागतो. आतला कपॅसिटर पिन काढल्यावरही वीज धरून ठेवू शकतो. त्याचा झटका जीव घेणारा असतो. फडके आणि वही आपली, स्क्रू-ड्रायव्हर जाणकाराचा.

माझ्या वहीने काय सांगितले

आता माझ्या त्या दोन दिवसांची गोष्ट पुरी करते. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मी एक पान आखले. कोड कोणता, वेळ कोणती, ओव्हनमध्ये काय होते, शेजारी काय चालले होते. सकाळी अकराला टोस्ट केले, कोड नाही. दुपारी पापड भाजले, कोड नाही. संध्याकाळी सातला दूध गरम केले, कोड! दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, पुन्हा कोड.

पान समोर ठेवून बघत बसले आणि एकदम लखकन प्रकाश पडला. दोन्ही वेळा शेजारच्या गॅसवर कुकर होता! शिट्टीची वाफ सरळ बटणांच्या पट्टीवर जात होती. पुस्तिका काढली. त्या दोन अक्षरांचा अर्थ तिथे छापलेलाच होता. बटण दाबलेले राहिले आहे.

गल्लीतल्या एका वयस्कर मेकॅनिककाकांना बोलावले आणि वही दाखवली. ते हसले. “वहिनी, माझं निम्मं काम तुम्हीच केलंत.” त्यांनी पट्टी काढून वाळवली, साफ केली, मीटर लावून बोर्ड ठीक असल्याचे दाखवले आणि साडेतीनशे रुपये घेतले. मी ओव्हन गॅसपासून दूर, खिडकीजवळच्या ओट्यावर हलवला. त्यानंतर ती अक्षरे पुन्हा दिसली नाहीत.

पहिला मेकॅनिक लबाड होता असे मी म्हणणार नाही. घाईत असेल. पण त्याच्या घाईचे साडेचार हजार आम्ही मोजले असते, त्याचे काय?

मेकॅनिकशी बोलताना

म्हणून तो आला की स्वतः पुढे होऊन बोला. “कोणता भाग गेला? मीटर लावून दाखवा. जुना भाग परत द्या. नव्या भागाची आणि कामाची गॅरंटी बिलावर लिहा.” एवढी चार वाक्ये पुरे आहेत. भांडायची गरज नाही. विचारणारी गृहिणी दिसली की समोरचाही नीट बघतो.

कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा. त्यावर ओव्हनचे मॉडेल, मागे छापलेला नंबर, खरेदीची तारीख, वॉरंटी कधी संपते आणि आजवर आलेले कोड लिहा. बिलाची झेरॉक्सही तिथेच ठेवा, कारण मूळ बिलाची शाई काही वर्षांत उडून जाते.

वॉरंटी असूनही कंपनी दाद देत नसेल तर मनातल्या मनात कुढू नका. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ सालचा. त्याच्या जागी २०१९ चा कायदा आला आणि जुलै २०२० पासून तो लागू आहे. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तिथे निभावले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ नावाचे पोर्टलही सुरू केले. वस्तूची दुरुस्ती, सुटे भाग आणि वॉरंटी यांची कंपन्यांनी दिलेली माहिती ग्राहकाला एके ठिकाणी मिळावी हा त्याचा हेतू.

पण हे सगळे पुढचे. सुरुवात होते ती दुधाच्या वहीतल्या एका पानापासून.

परवा सूनबाईने ओव्हनमध्ये नानकटाई केली. मध्येच ‘टीं’ झाले. ती दचकली. मी म्हटलं, “घाबरू नकोस. आधी काय लिहिलंय ते वाच.” तिने वाकून वाचले आणि हसायला लागली. काचेवर लिहिले होते, ‘एंड’. नानकटाई तयार झाली होती!